कुत्र्या-मांजरांना कडधान्यं देताय? या चुका टाळा

आमच्या कुत्र्याला पहिल्यांदा उकडलेले हरभरे घातले आणि दुसऱ्या दिवशी ते शीतून जसेच्या तसे बाहेर आले. मोजता यावेत इतके अख्खे! कुत्रा चावत बसत नाही, गिळतो. तेव्हापासून माझी एकच कसोटी आहे : दाणा दोन बोटांत दाबायचा. त्याचं पीठ झालं तर भांड्यात, नाहीतर परत गॅसवर.

राजम्याच्या बाबतीत मात्र अर्धकच्चं शिजवणं घातक. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच दाण्यांनी माणसालाही उलट्या सुरू होतात. रात्रभर भिजवून ते पाणी ओता आणि नव्या पाण्यात किमान ३० मिनिटं खळखळून उकळा. स्लो कुकर नकोच, त्यात पाणी पुरेसं तापत नाही आणि विषारीपणा उलट वाढू शकतो. मोड आणले म्हणजे राजमा निर्धोक झाला, हाही गैरसमज; पोपट पाळणाऱ्यांनी विशेष जपावं. खरं तर मसूर किंवा मूग असताना राजम्याच्या वाटेला जायचंच कशाला?

आपल्यासाठी केलेल्यातलं चमचाभर काढून देणं ही प्रेमापोटी होणारी चूक. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरांच्या तर आणखी लवकर. त्यांची पावडरही तितकीच वाईट. त्रास कधीकधी काही दिवसांनी दिसतो : हिरड्या फिकट, लघवी लालसर. विकतची डबाबंद कडधान्यं बहुधा खारवलेली असतात, म्हणून बिनमिठाचीच घ्या.

पण सगळ्यात मोठी चूक म्हणजे 'प्रथिन ते प्रथिन' म्हणत मांसाच्या जागी डाळ घालणं. डाळीत टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य नसतं. मांजराला ते शरीरात पुरेसं बनवता येत नाही. कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय दोन्ही खराब होतात. कुत्रा ते मेथिओनिन आणि सिस्टीनपासून बनवतो, आणि कडधान्यांत नेमकी हीच अमिनो आम्लं कमी.

तयार खाद्याची पिशवीही उलटून वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा स्टार्च, वाटाण्याचा कोंडा अशी तीन नावं वेगवेगळी लिहिली की मांस यादीत आपोआप वर दिसतं. बेरीज केली तर वाटाणाच जास्त निघू शकतो. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने जुलै २०१८मध्ये अशा वाटाणा-मसूरप्रधान खाद्यांचा आणि कुत्र्यांच्या डीसीएम या हृदयविकाराचा संबंध तपासत असल्याचं जाहीर केलं. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, पण मी तरी तसं खाद्य रोजचं ठेवणार नाही.

पोट गुडगुडतंय, वास येतोय? डाळीतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा मोठ्या आतड्यात आंबतात. दोन-तीन दिवस डाळ बंद करा, मग एका चमच्यापासून पुन्हा सुरुवात करा. वरचा खाऊ म्हणून जे काही देता, ते सगळं मिळून दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत बसायला हवं. सशांना मात्र सुकी कडधान्यं अजिबात नकोत, त्यांचं मुख्य खाणं वाळलेलं गवत.

कुत्रा थोडं चालून धापा टाकू लागला, खोकला किंवा भोवळ आली, तर खाद्य बदलून वाट बघू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि सोबत त्या पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटोही.