कोळसा संच ग्रिडला नेमकं काय देतो? नियंत्रण कक्षात शिकलेलं थोडंफार

पहिल्या रात्रपाळीत मला डेस्कवर बसवलं तेव्हा माझी समजूत अगदी साधी होती. ५०० मेगावॅटचा संच (बॉयलर, टर्बाइन आणि जनरेटर मिळून एक संच) म्हणजे ५०० मेगावॅट वीज, ग्रिडशी, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याशी, आपला संबंध तेवढाच. पहाटे कुठल्या तरी दूरच्या केंद्रातला मोठा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, आणि ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० वरून ४९.८ हर्ट्झवर उतरली. मी मेगावॅटच्या आकड्याकडे टक लावून बसलो. शेजारच्या जुन्या ऑपरेटरना सगळे काका म्हणत. ते म्हणाले, "लोड काय बघतोस? प्रेशर बघ. आत्ता दिलंय ते मिनिटभरात परत घेणार आहे तो." आणि झालंही तसंच. संचाने जास्तीचे पंधराएक मेगावॅट दिले आणि मिनिटाच्या आत पुन्हा जुन्या आकड्यावर येऊन थांबला. फ्रिक्वेन्सी मात्र अजून खालीच होती.

त्या एका मिनिटात नेमकं काय झालं हे समजायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. औष्णिक केंद्रात नव्याने रुजू होणाऱ्यांना किंवा ग्रिड अभ्यासाकडे वळणाऱ्यांना तेवढी लागू नयेत, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात पहिल्या सेकंदापासून करा. कुठेतरी निर्मिती अचानक गेली, पण विजेची मागणी तेवढीच राहिली, तर तफावत भरून निघते ती ग्रिडला जोडलेल्या सगळ्या फिरत्या रोटर्समधल्या गतिज ऊर्जेतून. यात बॉयलरचा हात नाही, गव्हर्नरचा (वेग बघून टर्बाइनची वाफ कमी-जास्त करणाऱ्या नियंत्रणाचा) नाही आणि ऑपरेटरचा तर नाहीच. टर्बाइन, जनरेटर मिळून शेकडो टनांचं वजन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असतं आणि ते किंचित मंदावतं, एवढंच. हे मोजायला 'एच' हा जडत्व स्थिरांक वापरतात, आणि वाफेच्या मोठ्या संचांत तो साधारण ३ ते ६ सेकंद असतो. ५०० एमव्हीएच्या (एमव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) संचाचा एच ४ असेल, तर त्याच्या रोटरमध्ये २,००० मेगाज्यूल साठलेले असतात. म्हणजे पूर्ण भार चार सेकंद पेलण्याइतके.

आता हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून बघा. ग्रिडवर २०,००० एमव्हीएची यंत्रं फिरताहेत, सरासरी एच ४ आहे आणि ८०० मेगावॅट अचानक गेले, तर फ्रिक्वेन्सी सुरुवातीला सेकंदाला पाव हर्ट्झने घसरते. हेच जडत्व निम्मं केलं तर अर्ध्या हर्ट्झने. पहिलं आपोआप होणारं लोडशेडिंग ४९ हर्ट्झवर ठेवलं असेल, तर पहिल्या स्थितीत हातात चारेक सेकंद राहतात, दुसऱ्यात जेमतेम दोन. पुढे येणारी सगळी चर्चा या दोन सेकंदांभोवती फिरते. कोळसा संच बंद करायचे की ठेवायचे या वादात 'इनर्शिया' (जडत्व) हा शब्द वारंवार ऐकाल, तेव्हा हे गणित हाताशी ठेवा. मात्र त्याच वेळी हेही लक्षात ठेवा, की जडत्व रोटर देतो, कोळसा देत नाही. संच ३०० मेगावॅटवर असो की ५०० वर, तो ग्रिडला जोडून फिरत असला की जडत्व तेवढंच. हा भेद नवे लोक हमखास विसरतात, आणि खरं सांगायचं तर अनुभवी लोकही सोयीस्करपणे विसरतात.

त्यानंतरचे काही सेकंद गव्हर्नरचे. बहुतेक संचांत ड्रूप, म्हणजे फ्रिक्वेन्सी किती टक्के बदलली की संच आपला पूर्ण भार बदलेल ते प्रमाण, ४-५ टक्के ठेवतात. ५ टक्के धरला तर ०.२ हर्ट्झच्या घसरणीला ५०० मेगावॅटच्या संचाने ४० मेगावॅट वाढवायला हवेत. माझ्या त्या रात्री आले फक्त पंधरा, आणि तेही टिकले नाहीत. का?

एक कारण, व्हॉल्व्ह आधीच जवळजवळ पूर्ण उघडे होते. कार्यक्षमता चांगली राहावी म्हणून संच स्लायडिंग प्रेशरवर चालवतात, म्हणजे व्हॉल्व्ह उघडे ठेवायचे आणि भारानुसार बॉयलरचा दाब कमी-जास्त करायचा. हिशेबाच्या दृष्टीने छान, पण गव्हर्नरला उघडायला व्हॉल्व्हच शिल्लक राहत नाही. दुसरं कारण जास्त छुपं. व्हॉल्व्ह उघडला की बॉयलरच्या ड्रममध्ये आणि पाइपांत साठलेली वाफ सुटते, दाब पडतो. वाढीव भाराचा कोळसा मिलमध्ये दळून, भट्टीत जळून, त्याची वाफ व्हायला काही मिनिटं जातात. तोवर दाब राखणारं नियंत्रण घाबरून व्हॉल्व्ह परत मिटतं, किंवा लोड कंट्रोलर म्हणतो, "माझा सेटपॉइंट एवढा, तू जास्त का देतोस?" आणि गव्हर्नरने दिलेलं काढून घेतो. कागदावर गव्हर्नर चालू, प्रत्यक्षात मदत मिनिटभराची. पुढे मी ग्रिड अभ्यासाच्या बाजूला गेलो तेव्हा मॉडेलमध्ये सगळे संच आदर्श वागताना दिसले. काकांनी ते मॉडेल पाहिलं असतं तर हसले असते.

म्हणून माझा पहिला सल्ला: शिफ्टमध्ये असाल तर फ्रिक्वेन्सी पडलेल्या प्रत्येक घटनेचा ट्रेंड काढून ठेवा. फ्रिक्वेन्सी, लोड, मुख्य वाफेचा दाब आणि व्हॉल्व्हची स्थिती, चारही एका कागदावर, सेकंदाच्या नोंदीसह. अशा वीस घटना जमल्या की संचाचा स्वभाव कळतो. मला लोडशेडिंगच्या सिद्धांतापेक्षा या कागदांनी जास्त शिकवलं.

व्होल्टेजबद्दल थोडक्यात. सिंक्रोनस जनरेटर (ग्रिडच्या तालात फिरणारा, कोळसा संचात असतो तो) व्होल्टेज सांभाळणारी रिअॅक्टिव्ह पॉवर देतो आणि घेतोही, आणि ग्रिडवर कुठे फॉल्ट (शॉर्ट सर्किट) झाला तर क्षणभर स्वतःच्या रेटिंगच्या पाच-सहा पट प्रवाह देऊ शकतो. सौर किंवा बॅटरीची वीज ग्रिडला देणारा इन्व्हर्टर साधारण १.१ ते १.५ पटीवर थांबतो. रिले, म्हणजे बिघाड दिसताच वाहिनी तोडायला लावणारी उपकरणं, फॉल्ट ओळखतात ते या प्रवाहावर, म्हणून संच बंद करताना संरक्षणाचं सेटिंग पुन्हा तपासावं लागतं. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालमध्ये अंधार झाला त्याच्या मुळाशी वाढत गेलेलं व्होल्टेज होतं. तेव्हा 'फ्रिक्वेन्सी सांभाळली की ग्रिड सांभाळलं' असं कोणी म्हणालं तर मान डोलवू नका.

आता सेकंदांवरून तासांवर येऊ. कोळशाची जमेची बाजू इथे आहे आणि लंगडी बाजूही इथेच. यार्डात आठवडे पुरेल इतका कोळसा पडून असतो. वारा पडला, ढग आले, गॅसची पाइपलाइन आटली तरी तो जागचा हलत नाही. पण संच थंड असेल, म्हणजे तीन दिवसांहून जास्त बंद असेल, तर लाइट-अपपासून (भट्टी पेटवण्यापासून) पूर्ण भारापर्यंत आठ-दहा तास सहज जातात, जुना असेल तर त्याहूनही जास्त. रोटर आणि जाड भिंतीचे हेडर (वाफ गोळा करणारे मोठे पाइप) हळूहळूच तापवावे लागतात. घाई केली तर धातू तडकतो. रात्रीपुरता थांबवलेला गरम संच दोन-तीन तासांत परत येतो. भार वाढवण्याचा वेग मिनिटाला एक ते तीन टक्के. म्हणजे संध्याकाळी सूर्य मावळताना मागणी एकदम उसळते, त्या वेळी जो संच आधीच निम्म्या भारावर फिरतो आहे तोच कामाचा. बंद पडलेला संच ग्रिडच्या दृष्टीने त्या संध्याकाळपुरता नाहीच.

शिवाय कोळसा केंद्र स्वतःच ६ ते ८ टक्के वीज खातं. बॉयलर फीड पंप, पंखे, मिल हे सगळं फिरवायला बाहेरून वीज हवी. त्यामुळे ग्रिड पूर्ण बसलं तर कोळसा केंद्र ते उठवू शकत नाही. त्यालाच आधी जलविद्युत किंवा गॅस टर्बाइनकडून वीज मिळावी लागते. ३१ जुलै २०१२ रोजी भारतातली उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड बसली तेव्हा औष्णिक केंद्रांना स्टार्ट-अप पॉवर पोहोचवणं हेच पुनर्जुळणीतलं मोठं काम होतं.

आणि यार्डात कोळसा आहे म्हणजे भट्टीत पोहोचला असं नाही. ओला कोळसा बंकरच्या (मिलच्या आधीच्या साठवण-टाकीच्या) भिंतींना चिकटतो, मधोमध उंदराच्या बिळासारखं भोक पडतं, मिलला कोळसा पुरवणारा फीडर रिकामा फिरतो. एका पावसाळी आठवड्यात आमच्या पाचपैकी तीन मिल अशाच अडल्या आणि यार्डात डोंगर असताना संच अर्ध्या भारावर रेंगाळला. बंकरवर हातोडे मारणारी माणसं हा तेव्हा ग्रिडच्या विश्वासार्हतेचा सर्वांत महत्त्वाचा घटक होता. कुठल्याही अहवालात ती माणसं येत नाहीत. थंडीचंही तसंच. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी (तिथे नेहमीची ६० हर्ट्झ) ६० वरून ५९.३ च्या आसपास आली आणि ५९.४ च्या खाली चार मिनिटं तेवीस सेकंद राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर आणखी संच आपोआप सुटले असते. त्या वेळी सर्वांत जास्त निर्मिती गॅसची गेली हे खरं, पण उपकरणं गोठून कोळशाचे संचही पडलेच.

'जुना' या शब्दावर इथे जरा थांबायला हवं. आज चालू असलेले बरेच कोळसा संच सतत पूर्ण भारावर चालवायचे म्हणून बांधले गेले होते. आता त्यांना दुपारी खाली आणि संध्याकाळी वर नेलं जातं. कमी भारावर ज्योत डगमगते, ती टिकवायला तेल जाळणारी ऑइल गन लावावी लागते. दर वर-खाली करण्यात ट्यूब आणि हेडर थकतात. ट्यूब लीकेज झालं की संच थांबवून, भट्टी थंड करून, वेल्डिंग करून परत आणण्यात दोन-तीन दिवस जातात. अमेरिकेतल्या नोंदींनुसार अलीकडे तिथल्या कोळसा संचांचं अनपेक्षित बंद राहण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे ग्रिडला टिकवणारा संच स्वतः किती टिकाऊ, हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो विचारल्याशिवाय मेगावॅटची बेरीज करू नये. संच जितका मोठा, तितकी त्याच्या ट्रिपची भरपाई करायला राखीव क्षमताही मोठी ठेवावी लागते.

दुसरी बाजू शिकायची असेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियाचा अभ्यास करा. मे २०१६ मध्ये तिथलं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं आणि २८ सप्टेंबरला वादळात मनोरे कोसळून संपूर्ण राज्य अंधारात गेलं. दोन्हींचा संबंध जोडणं सोपं होतं. चौकशीत दिसलं ते असं: लागोपाठच्या व्होल्टेज झटक्यांनंतर काही पवनचक्क्यांच्या संरक्षण सेटिंगमुळे त्यांची निर्मिती एकदम घटली, शेजारच्या राज्याची जोडवाहिनी तुटली आणि फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ६ हर्ट्झने कोसळली. एवढ्या वेगापुढे लोडशेडिंगच्या रिलेंना काही करायला वेळच मिळाला नाही. म्हणजे जडत्वाची कमतरता खरी होती, पण ठिणगी वेगळीच होती. पुढे त्यांनी पवनचक्क्यांची सेटिंग बदलली आणि २०२१ मध्ये चार सिंक्रोनस कंडेन्सर (इंधनाशिवाय, ग्रिडच्याच विजेवर नुसते फिरत राहणारे जनरेटर) बसवले, फ्लायव्हीलसह (जड चाकासह). जडत्व आलं, फॉल्टचा प्रवाह आला, कोळसा नाही. अमेरिकेत ओहायोतल्या ईस्टलेक केंद्रात तर बंद झालेल्या कोळसा संचांचे जनरेटरच कंडेन्सर म्हणून वापरात आणले.

उलट काही ठिकाणी संचच रोखून धरतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने मिशिगनमधलं कॅम्पबेल केंद्र बंद व्हायला आठवडा उरला असताना ते चालू ठेवण्याचा आदेश काढला. अशा आदेशाची बातमी एका ओळीची असते, पण आत बसलेल्याला कळतं की ओव्हरहॉल (मोठी दुरुस्ती) पुढे ढकललेलं आहे, कोळशाचे करार संपत आलेत आणि वॉटर केमिस्ट्री जाणणारी दोन माणसं दुसरीकडे रुजू व्हायच्या तयारीत आहेत. राखीव म्हणून ठेवायचा संचही नुसता कुलूप लावून ठेवता येत नाही. बॉयलर आतून गंजू नये म्हणून नायट्रोजन भरून किंवा कोरडा ठेवावा लागतो, यार्डातला कोळसा दाबून ठेवावा लागतो, नाहीतर तो आपोआप पेटतो.

अभ्यास कुठून सुरू करावा, असं विचारतात. माझा क्रम जरा उलटा आहे. आधी निदान वर्षभर संचावर काढा: बॉयलर डेस्क, टर्बाइन डेस्क आणि शक्य असेल तर कोल हँडलिंगमध्येही काही महिने, जिथे कोणालाच जायचं नसतं. मग स्विंग इक्वेशन (रोटरच्या हालचालीचं समीकरण), जनरेटरचा कॅपॅबिलिटी कर्व्ह, एव्हीआर (व्होल्टेज नियंत्रक) आणि गव्हर्नरची मॉडेल्स हे विषय घ्या. तेव्हा प्रत्येक चिन्हामागे एखादा पंप किंवा व्हॉल्व्ह दिसेल. सोबत मोठ्या घटनांचे चौकशी अहवाल वाचा. पहिल्या वाचनात निष्कर्षाचं पान बाजूला ठेवा आणि फक्त वेळेनुसारचा घटनाक्रम वाचून कारण स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. मी आजही निम्म्या वेळा चुकतो.

मुलाखतीला बसलो की मी एकच प्रश्न विचारतो: २१० मेगावॅटचा एक जुना संच उद्या कायमचा बंद करायचा आहे, आधी काय काय तपासाल? बहुतेक जण मेगावॅटची भरपाई कुठून करायची ते सांगतात. काही जण जडत्व, व्होल्टेज आणि रिलेंपर्यंत पोहोचतात. हिवाळ्यातल्या सलग पाच वारा नसलेल्या दिवसांचा विचार करणारे फार थोडे. मग मी पुढचा प्रश्न टाकतो, "आणि सहा महिन्यांनी हाच संच परत हवा असं कोणी म्हणालं तर?" गेल्या वेळी एका मुलीने पेन खाली ठेवून विचारलं, "सर, पण तोवर तिथली माणसं असतील का?" ती आता आमच्याकडे आहे.