मे, ते, से जागेवर बसवताना

स्पॅनिशमधली 'से' शेपटीची क्रियापदं (उठणं, आंघोळ करणं अशी, क्रिया स्वतःवरच घडते ती) कागदावर जमायची, पण बोलताना 'मे' (मी स्वतःला) की 'से' (तो किंवा ती स्वतःला) इथेच गाडी अडायची. मग तक्ता बाजूला ठेवला आणि सकाळची कामं उरकता उरकता बोलायला लागलो: मे देस्प्येर्तो, मे लेबांतो, मे दुचो, मे बिस्तो (मी जागा होतो, उठतो, आंघोळ करतो, कपडे घालतो). सर्वनाम आणि क्रियापद एका दमात. 'मे' पक्कं झाल्यावरच ते (तू स्वतःला), से, नोस (आम्ही स्वतःला) घेतले. 'ओस' (तुम्ही स्वतःला) लॅटिन अमेरिकेत लागत नाही, म्हणून ते सरळ सोडलं.

सर्वनामाच्या जागेचा घोळ एका जोडीने मिटला: 'लेबांताते' म्हणजे ऊठ, 'नो ते लेबांतेस' म्हणजे उठू नकोस. होकारी आज्ञेत सर्वनाम मागे चिकटतं, नकारी आज्ञेत क्रियापदाआधी सुटं येतं. 'बोय आ दुचार्मे' आणि 'मे बोय आ दुचार' (मी आंघोळ करणार आहे) दोन्ही चालतात. मला पहिलं सोपं जातं. 'मे बिस्तो' पण 'नोस बेस्तिमोस' (आम्ही कपडे घालतो), हा स्वरबदल मात्र घोकावाच लागतो.