एकच पंप, नावे अनेक: ऑनलाइन मागवण्यापूर्वी माल कसा ओळखावा

सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या फवारणीचे दिवस जवळ आले की विदर्भातल्या गावांत चार्जिंगच्या पाठीवरच्या पंपाची चौकशी सुरू होते, आणि हल्ली ती कृषी केंद्राच्या आधी मोबाइलवर होते. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टवर नुसते ‘बॅटरी स्प्रे पंप’ एवढे टाकले तरी कधी न ऐकलेल्या नावांची रांग लागते. नावे निराळी, टाकीचे रंग निराळे, किमतीही निराळ्या, आणि तरी त्यांतले कितीतरी पंप एकाच साच्यातून निघालेले असतात. कारखाना बिननावाचा माल काढतो, व्यापारी तो घाऊक भावात उचलतो आणि आपापले स्टिकर लावून विकतो. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र एकच व्यापारी तोच माल तीन-चार नावांनी मांडतो, तेव्हा शोधाचे अख्खे पान त्याच्याच मालाने भरते, महागडे नाव शेजारी असल्यामुळे मधले नाव स्वस्त भासते, आणि एका नावाची बदनामी झाली तरी दुसऱ्या नावाची विक्री चालूच राहते. म्हणून नावांची तुलना करण्यात वेळ घालवू नये. माल कोणता आणि बिघडल्यावर जबाब कोण देणार, हे आधी शोधावे.

सुरुवात फोटोंपासून करावी. दोन पंपांचे फोटो मोठे करून रंग आणि स्टिकर सोडून बाकीचे पाहावे: चालू-बंदचे बटण कोणत्या बाजूला आहे, चार्जिंगच्या छिद्रावर रबरी झाकण आहे का, टाकीवरच्या लिटरच्या खुणा कोठून सुरू होतात, पट्टा अडकवण्याची खाच कशी आहे. टाकीचा साचा महाग असतो, त्यामुळे तो सहसा बदलत नाही. स्टिकर बदलायला काहीच लागत नाही. फोटोचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोध घेणाऱ्या ॲपमध्ये, टाकला तर तोच फोटो, कधीकधी तोच हात आणि तीच पार्श्वभूमी, दुसऱ्या नावाखाली सापडते.

येथे एक सावधगिरी हवी. बाहेरून पंप सारखा दिसला म्हणजे आतूनही सारखा असतो असे नाही, कारण त्याच टाकीत ८ अँपिअर-अवरची (बॅटरी किती वीज साठवते याचे माप) बॅटरीही बसते आणि १२ ची सुद्धा, आणि एका मोटरचा पंप व दोन मोटरचा पंप दिसायला जुळे भाऊ असू शकतात. त्यामुळे सर्वांत स्वस्त नाव निवडण्यापूर्वी बॅटरीचे व्होल्ट आणि अँपिअर-अवर, मोटरची संख्या, सोबत येणारे नोझल आणि वॉरंटी बॅटरीवरही आहे की फक्त मोटरवर, एवढे कागदावर शेजारी शेजारी मांडावे. एवढे जुळूनही किमतीत मोठा फरक उरला, तर तो बहुधा नावाचाच असतो. माल हाती आल्यावर बॅटरी बाहेर काढून किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवावी. १२ व्होल्टची, ८ अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी दोन किलोंच्या वर भरते आणि १२ अँपिअर-अवरची साडेतीन किलोंच्या आसपास. वर १२ छापलेले असून काटा दोनवरच थांबला, तर माल परत करण्यास तेवढे कारण पुरे. लिथियमची बॅटरी हलकी असते, तिला हा हिशेब लागू नाही.

विक्रेता कोण, हे बिलावरून उत्तम कळते. गावात कोणी आधी असा पंप मागवला असेल तर त्याच्याकडून बिल पाहायला घ्यावे. त्यावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४, दिल्लीचे ०७, तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरे म्हणजे पॅन. दोन निराळ्या नावांच्या पंपांच्या बिलांवर ही दहा अक्षरे एकच निघाली, तर राज्य वेगळे दिसले तरी विकणारा एकच आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता हा क्रमांक टाकला की नोंदणीतील नाव आणि नोंदणीची तारीख दिसते. नोंदणी काही महिन्यांपूर्वीची आणि वॉरंटी दोन वर्षांची, अशी जोडी दिसल्यास त्या वॉरंटीवर फारसे विसंबू नये, असे माझे मत आहे.

खोक्यावरचा मजकूरही वाचावा. वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापणे बंधनकारक आहे, आणि आयात मालावर मूळ देशही लिहावा लागतो. निरनिराळ्या नावांखाली एकच पत्ता येथेच उघडा पडतो.

अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे पाहू नये. सर्वांत नवे आणि फोटोसह असलेले तेवढे वाचावेत. पंपाखाली कोणी मिक्सरची स्तुती केलेली दिसली, तर जुन्या वस्तूचे अभिप्राय नव्या मालाला चिकटवलेले आहेत असे समजावे.

ऑर्डर हंगामाच्या बरीच आधी करावी, कारण परतीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि आडगावात पार्सल पोहोचायलाच वेळ लागतो. काही ठिकाणी ते तालुक्याहून आणावे लागते. खोके फोडताना अखंड व्हिडिओ काढावा, पूर्ण चार्ज करून साध्या पाण्यावर टाक्या मारून पाहाव्यात आणि मुदत संपेपर्यंत खोके फेकू नये. सुटे भाग मिळतील का, याची खात्रीही याच दिवसांत करावी: नोझल आणि गन तालुक्याच्या कृषी केंद्रात नेऊन तिथल्या आट्यांवर बसतात का ते पाहावे. बसत असतील तर स्टिकरवर कोणतेही नाव असो, पंप पुढेही चालवता येईल. बसत नसतील तर थोडे जास्त देऊन कृषी केंद्रातूनच घेतलेला बरा, कारण फवारणी अर्ध्यावर असताना तीस रुपयांच्या वॉशरसाठी अख्खा पंप कोपऱ्यात पडतो.

विक्रेता दाद देत नसेल तर ॲपवरच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल देणे अपेक्षित आहे. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.