मोशन कॅप्चर शिकायचंय? आधी शिलाई मशीनची सुई मोजा

मी नाशिकच्या अंबडला एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी खास बनवलेली मशीन, बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे, मेकॅनिकलवाला. पॅकिंग मशीनचा पुशर झटका कुठे देतो, आर्म कुठे थरथरतो हे व्हिडिओवरून मोजायचं हे माझं काम, हालचाल अशी टिपून आकड्यांत मांडणं म्हणजेच मोशन कॅप्चर, आणि रविवारी एका फिजिओ मित्रासाठी धावणाऱ्या पोरांचे गुडघे मोजतो. कॉलेजमधली पोरं विचारतात, दादा अंगावर घालायचा सेन्सरवाला कुठला सूट घेऊ, कुठला कोर्स लावू. मी म्हणतो, घरातली शिलाई मशीन काढा.

मस्करी नाही. सुईचा दांडा म्हणजे स्लायडर क्रँक, फिरत्या चाकावरून सरळ वर-खाली हालचाल देणारी जोडणी, सेकंड इयरला शिकलेली, त्याची हालचाल वहीत सूत्राने निघते, म्हणजे तुमचं मोजमाप बरोबर की चूक ते लगेच कळतं. माणसाच्या गुडघ्याचं खरं उत्तर वहीत कुठून मिळणार? दांड्यावर व्हाइटनरचा बारीक ठिपका द्या, फोन ट्रायपॉडवर काटकोनात लावा, जरा लांबून झूम करा कारण जवळून पॅरलॅक्स, म्हणजे तिरकं बघितल्याने होणारी चूक, जास्त येतो, स्केलसाठी स्टीलची पट्टी सुईच्याच प्लेनमध्ये धरा, मागे भिंतीला टेकवून नाही, आणि 240 एफपीएसला, म्हणजे सेकंदाला 240 फ्रेम, शूट करा. पेडल हलकंच दाबायचं, फुल स्पीडला ठिपक्याची रेघ होते. घरातल्या एलईडीखाली मात्र नको, आपली लाइन 50 हर्ट्‌झची, स्वस्तातला दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला दिसत नाही पण स्लो मोशनमध्ये व्हिडिओ लुकलुकतो आणि ठिपक्याच्या मागे आपोआप जाणारं सॉफ्टवेअरचं ऑटोट्रॅकिंग ठिपका सोडून भलतीकडेच जातं. सरळ गच्चीवर उन्हात न्या. व्हिडिओवरून हालचाल मोजणारी ट्रॅकर आणि किनोविया ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, सुरुवातीला एवढं बास.

आता खरी मजा. पोझिशनचा आलेख छान गुळगुळीत येतो, वेगाचा जरा खडबडीत, आणि ॲक्सिलरेशन काढलं की नुसतं गवत उगवतं! हिशोब करून बघा: 240 एफपीएसला एका फ्रेममध्ये ठिपका फक्त 1 मिमी चुकला तर त्या फ्रेमचं ॲक्सिलरेशन 115 मीटर प्रति सेकंद वर्गने चुकतं, म्हणजे जवळपास 12 जी, गुरुत्वाकर्षणाच्या 12 पट. म्हणून फिल्टर. बटरवर्थ लो-पास, म्हणजे सावकाश हालचाल ठेवून वेगवान थरथर गाळणारा, तोही पुढून आणि मागून असा दोनदा, नाहीतर आलेख वेळेत सरकतो. पायथनमध्ये सायपाय लायब्ररीचं फिल्टफिल्ट हे फंक्शन तेच करतं. चालण्यासाठी बरेच जण 6 हर्ट्‌झचा कटऑफ, म्हणजे ज्याच्या वरची थरथर गाळायची ती मर्यादा, घेतात, पण तोच डोळे झाकून धावण्याला लावला तर पाय जमिनीवर आपटतो तो झटकाच पुसला जातो, आणि मशीनचं तर विचारूच नका.

हे जमलं की मग माणसं. धावपटू कविता राऊतचा जिल्हा आहे हा, धावणाऱ्यांची कमी नाही. पण आधी साधं चालणं घ्या: पाय साधारण 60 टक्के वेळ जमिनीवर, 40 टक्के हवेत, हवेत असताना गुडघा साधारण 60 अंश वाकतो. तुमचा आकडा 35 आला तर आधी कॅमेऱ्याचा अँगल बघा, त्या पोराला काही झालेलं नाही. मीडियापाइप हे सॉफ्टवेअर व्हिडिओतून शरीरावरचे 33 पॉइंट आपोआप देतं, पण ढगळ ट्रॅकपँट असली की खुब्याचा पॉइंट ते अंदाजाने ठेवतं. मार्कर चिकटवले तरी कातडी हाडावरून सरकतेच, मांडीवर तर जास्तच. त्यामुळे दोन-तीन अंशांच्या फरकावरून कुणाला 'तुझं टेक्निक चुकतंय' म्हणू नका, आणि दुखण्याचं तर फिजिओलाच बोलू द्या.

कामाचं म्हणाल तर ॲनिमेशन-गेमिंगवाल्यांनी मुंबई, पुणे, हैदराबाद बघावं. सातपूर-अंबडला मशीनचंच काम मिळतं, जाहिरातीत मोशन कॅप्चर असं कुणी लिहित नाही, डिझाइन नाहीतर मेंटेनन्स म्हणून घेतात आणि मग हे काम अंगावर येतं. इंटरव्ह्यूला थ्रीडी सांगाड्याचा चकचकीत व्हिडिओ सगळेच आणतात. कच्चा डेटा, फिल्टर केलेला डेटा आणि वहीतलं सूत्र एकाच आलेखावर काढून न्या, मी तरी पहिला प्रश्न हाच विचारतो की कटऑफ किती घेतला आणि तेवढाच का.