आजोबांच्या ट्रंकेतलं पिस्तूल: लढाईतलं शस्त्र पुढच्या पिढीच्या नावावर कसं करायचं?

सातारा-सांगलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पट्ट्यात माजी सैनिकाची ट्रंक उघडली की मेडलं, डिस्चार्ज बुक आणि फौजेतली पत्रं निघतात. काही घरांत त्याखाली फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूलही निघतं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातल्या केरेनपासून इटलीतल्या सेनिओ नदीपर्यंत आणि तिकडे ब्रह्मदेशात लढल्या. इटलीहून आलेल्याकडे बेरेटा असू शकतं, ब्रह्मदेशातून आलेल्याकडे जपानी नांबू. पुढे ६५ आणि ७१ च्या लढाया झाल्या, त्यांच्याही आठवणी घराघरांत आहेत.

आठवण कितीही मोलाची असली तरी आपल्या शस्त्र कायद्यात ‘युद्धातली आठवण’ असा वेगळा प्रकार नाही. ब्रिटनच्या १९९७ च्या दुरुस्ती कायद्यात तो आहे: १ जानेवारी १९४६ पूर्वी युद्धचिन्ह म्हणून मिळालेलं पिस्तूल तिथे प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं. कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्ग) कोडवा समाजाला आपल्याकडे परवान्यातून सूट मिळते, पण ती त्यांच्यापुरती. बाकी सगळ्यांना शस्त्र कायदा १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ लागू.

या कायद्याचं मर्म असं: बंदुकीची मालकी वारशाने येईल, ताबा येत नाही. मृत्युपत्रात ‘माझं पिस्तूल थोरल्या नातवाला’ असं लिहून ठेवलं तर तो मालक ठरेल, पण परवाना हातात पडेपर्यंत त्याला ते घरात ठेवता येणार नाही. पुढची सगळी धावपळ या एका गोष्टीपायी आहे.

आधी कागद, मग शस्त्र

ट्रंक उघडल्यावर पहिल्यांदा परवान्याचं पुस्तक शोधा. परवाना कोणी दिला, मुदत कधी संपली, नूतनीकरणाचे शिक्के कुठवर आहेत आणि त्यावर यूआयएन, म्हणजे राष्ट्रीय डेटाबेसमधला क्रमांक, पडला आहे का, हे बघा. जुन्या पुस्तकांवर तो बहुतेकदा नसतो, आणि तो नसलेला परवाना आता ग्राह्य धरत नाहीत.

फौजेतल्या अधिकाऱ्यांना एनएसपी, म्हणजे नॉन सर्व्हिस पॅटर्न (फौजेच्या नेहमीच्या वापरातल्या नमुन्याची नसलेली), शस्त्रं फौजेच्या ऑर्डनन्स डेपोतून विकत मिळत. त्यामुळे घरात ‘लढाईतून आणलेलं’ म्हणून मिरवलेलं पिस्तूल प्रत्यक्षात रीतसर पैसे भरून घेतलेलं असू शकतं. त्याचं व्हाउचर सापडलं तर काम निम्मं हलकं होतं. कहाणी जरा फिकी पडेल, पडू द्या.

कागदांवरून तुमचं प्रकरण तीनपैकी कुठलं ते कळेल: परवाना चालू आहे, परवाना होता पण संपला, किंवा परवाना कधीच नव्हता. कुठला रस्ता धरायचा ते त्यावर ठरतं.

शस्त्राला हात लावायचाच झाला तर

शक्यतो लावू नका. मॅगझीन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज घातक आहे, कारण एक गोळी नळीमागच्या चेंबरमध्ये राहू शकते. चाप ओढून ‘बघू चालतंय का’ हा प्रकार तर नकोच. लहान मुलांना खोलीबाहेर काढा, दार लावून घ्या. हातबॉम्ब, तोफेचा गोळा किंवा तसलं काही निघालं तर ते हलवू नका, सगळ्यांना बाहेर काढून ११२ ला फोन करा.

आणखी एक, जे हमखास घडतं: गंज दिसला की कोणीतरी पॉलिश पेपर घेऊन बसतं. पिस्तुलाचा नंबर बहुधा अंगावर किंवा नळीवर कोरलेला असतो आणि चार हात मारले की त्यातले दोन आकडे जातात. कायद्याचं कलम ८ सांगतं की ज्याच्या ताब्यात नंबर खोडलेलं शस्त्र सापडेल, त्यानेच तो खोडला असं मानलं जाईल. नाही खोडला हे सिद्ध करणं तुमच्यावर येतं. गंज राहू द्या.

बोअर (नळीचं माप) कोणता, यावर अर्धा निकाल

एवढी माहिती बहुतेक कुटुंबांकडे नसते आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग दिले आहेत. चाप दाबून धरला की सलग गोळ्या सुटतात ती स्वयंचलित शस्त्रं निषिद्ध, हे सगळ्यांना पटतं. पण लष्करी काडतूस ज्यात बसतं ती साधी शस्त्रंही बोलीभाषेतल्या ‘पीबी’त, म्हणजे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, मोडतात. .३०३ आणि ७.६२ एमएमच्या रायफली, .३८० आणि .४५५ ची रिम (बुडाला बाहेर आलेली कड) असलेली काडतुसं घेणारी रिव्हॉल्व्हरं, सर्व्हिस ९ एमएम आणि .४५ ची पिस्तुलं, सगळी त्यात आली.

म्हणजे ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेचं .४५५ वेब्ली, जर्मन वॉल्थर पी-३८ आणि अमेरिकन कोल्ट .४५, लढाईतून आणण्याजोगी जवळजवळ सगळी नामवंत मंडळी, पीबीत गेली. .३२ चं पिस्तूल किंवा बारा बोअरची बंदूक मात्र एनपीबी, म्हणजे नॉन प्रोहिबिटेड बोअर. बेरेटा १९३४ चं प्रकरण गमतीचं आहे. त्यावर ‘९’ लिहिलेलं असतं, पण ते ‘९ कॉर्तो’, म्हणजे आखूड काडतूस, सर्व्हिस ९ एमएम नव्हे. नुसता आकडा वाचून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. परवान्यात बोअर लिहिलेला असतो, तो पाहा. शंका असेल तर परवानाधारक गन हाऊसचा मालक किंवा पोलिसांचा आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणारा, सांगेल.

एनपीबीचा परवाना जिल्ह्यात मिळतो: पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. पीबीचा अधिकार केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. तो अर्ज लांबचा आणि बेभरवशाचा. माझं मत विचाराल तर पीबी शस्त्रासाठी वर्षानुवर्षं चपला झिजवण्यापेक्षा त्याची नीट सोय लावलेली बरी. कशी, ते पुढे येतंच.

आजोबा हयात असतील तर आजच हलवा

नियम २५ या कामासाठीच आहे आणि तो कुणी वापरत नाही. परवानाधारकाने वयाची ७० वर्षं गाठली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल, त्यानंतर तो हयातीतच आपल्या पसंतीच्या वारसाच्या नावे परवाना मागू शकतो. आजोबा स्वतः सही करतात, अधिकाऱ्यासमोर उभं राहून ‘याला द्या’ म्हणतात, तेव्हा फाइलीतल्या अर्ध्या शंका जागीच संपतात. तेच काम ते गेल्यानंतर करायचं तर वारस दाखला, सगळ्या वारसांची संमतीपत्रं, मुंबईच्या काकांची सही, अमेरिकेतल्या आत्याचं नोटरी केलेलं पत्र, असं शेपूट वाढत जातं.

वारस निवडताना भावनेला थोडं बाजूला ठेवा. वयाची २१ वर्षं पूर्ण हवीत. हिंसेच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं बाळगता येतात आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्या दोनांतच मोजतात. ज्या मुलाकडे आधीच दोन आहेत त्याच्या नावाने अर्ज करून काही होणार नाही. मुलीही वारस आहेत, हे आपल्याकडे सांगावं लागतं म्हणून सांगितलं.

अर्ज ‘ए-१’ नमुन्यात करायचा. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, आजोबांच्या परवान्याची प्रत, त्यांचं विनंतीपत्र, शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याचा वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी. तुमच्या जिल्ह्यात प्रशिक्षण कुठे मिळतं ते गृह शाखेत पहिल्याच फेरीत विचारून घ्या, नाहीतर फाइल याच कागदासाठी अडते.

अर्जात कारणाचा रकाना असतो. तिथे ‘जिवाला धोका’ असं रंगवून लिहू नका. मग धोका कुणाकडून, तक्रार कधी केली, एफआयआर कुठे, हे सगळं निघतं. ‘वारसा, कौटुंबिक ठेवा’ एवढं खरं कारण लिहा.

पुढे पोलीस ठाण्याची चौकशी. बीट अंमलदार घरी येतो, शेजारी आणि गावात पोलीस पाटलाला विचारतो. बांधावरून भाऊबंदांशी झालेलं भांडण, त्यातली कुठलीशी एनसी (अदखलपात्र तक्रार), हे सगळं तेव्हा वर येतं. लपवू नका. प्रकरण मिटलं असेल तर मिटल्याचा कागद आधीच जोडा. अर्ज फेटाळला तर कारण लेखी मागा. वर अपील करता येतं आणि त्याची मुदत आदेश मिळाल्यापासून धावू लागते.

परवानाधारक गेल्यानंतर

तेराव्यापर्यंत थांबू, मग बघू, असं सगळे म्हणतात. दुःखाचा मान राखूनही सांगतो, थांबू नका. माणूस गेला की त्याच्या परवान्यावर तुम्हाला शस्त्र ठेवता येत नाही, आणि कलम २१ सांगतं की असं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. घरातला कुणी सैन्यात नोकरीला असेल आणि शस्त्र त्याच्या ताब्यात असेल, तर युनिटच्या आर्मरीतही चालतं.

ठाण्यात की गन हाऊसमध्ये? ठाण्यात पैसे लागत नाहीत, पण मुद्देमालाच्या खोलीत पिस्तूल तेलावाचून दमट हवेत पडून राहतं. कोकणात दोन पावसाळ्यांत काय होतं ते सांगायला नको. विक्रेता भाडं घेतो, पण शस्त्र पुसून ठेवतो. ऐपत असेल तर तिकडे ठेवा. कुठेही ठेवलं तरी पावती नीट वाचा: बनवणाऱ्या कंपनीचं नाव, बोअर, शस्त्राचा नंबर, काडतुसांची संख्या आणि सध्याची अवस्था, पाचही गोष्टी हव्यात. ‘एक जुने पिस्तूल’ एवढंच लिहिलेली पावती घेऊन घरी येऊ नका.

जमा केल्यावर वारसाने तोच नियम २५ धरून अर्ज करायचा. परवाना मिळाला की शस्त्र परत मिळतं. नको असेल तर ते पात्र माणसाला विकता येतं, मात्र एखाद्या व्यक्तीला विकताना आधी लेखी कळवून ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. जमा शस्त्राकडे ठरलेल्या मुदतीत कुणी फिरकलंच नाही तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात. म्हणून अर्ज प्रलंबित असल्याचं पत्र जमा पावतीला टाचून ठेवा आणि एक प्रत शस्त्र जिथे आहे तिथेही द्या.

परवाना कधीच नव्हता, तर

हे सगळ्यात नाजूक. विनापरवाना शस्त्राला आता किमान दोन आणि कमाल पाच वर्षं शिक्षा आहे. निषिद्ध शस्त्र असेल तर सात ते चौदा. अशी शस्त्रं आणून द्या आणि मोकळे व्हा, अशी कायमची माफी योजना आपल्याकडे नाही. तरी न्यायालयांनी ‘जाणीवपूर्वक ताबा’ हे तत्त्व मानलं आहे, सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात ते मांडलं. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे हे तुम्हाला ठाऊकच नव्हतं, तर तो ताबा गुन्हा ठरत नाही. पण ट्रंक उघडली त्या क्षणी तुम्हाला ठाऊक झालं. तिथून पुढचा प्रत्येक दिवस तुमच्या विरोधात मोजला जाऊ शकतो.

म्हणून त्याच दिवशी फौजदारी काम करणारा वकील गाठा. त्याच्यामार्फत ठाण्याला लेखी अर्ज द्या: वस्तू कधी, कुठे, कुणासमोर सापडली, कोणाची होती, ते कुठल्या पलटणीत होते. पिस्तूल पिशवीत घालून एसटीने ठाण्यात नेऊ नका. वाटेत नाकाबंदीत सापडलात तर ‘जमा करायलाच निघालो होतो’ हे कोण ऐकेल? पोलिसांना घरी बोलवा, पंचनामा होऊ द्या, प्रत घ्या. विहिरीत टाकणं, शेतात पुरणं, गावच्या वेल्डरकडून नळी बुजवून घेणं, यातलं काहीही करू नका.

वेल्डरची कल्पना येते ती कलम ४५ वरून. जुनाट, पुरातन किंवा मोडकं शस्त्र कायद्यातून वगळलं आहे, असं लोक ऐकतात. पूर्ण वाक्य ऐकत नाहीत: ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही, असं असलं पाहिजे. गंजलेलं जर्मन ल्युगर पिस्तूल नवी स्प्रिंग टाकून चालू शकतं, म्हणून ते त्यात बसत नाही. शस्त्र खरोखरच मेलेलं आहे असं वाटत असेल तर तपासणी करून लेखी घ्या आणि तो कागद शस्त्राबरोबर कायम ठेवा.

परवाना मिळणारच नसेल तर

बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आहे. आजोबांच्या पलटणीच्या सेंटरला पत्र लिहा, सोबत त्यांचा नंबर, हुद्दा, मोहीम आणि फोटो पाठवा. पत्ता मिळवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत होते. हस्तांतर पोलिसांच्या किंवा परवाना अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच करायचं, हातोहात नाही. शत्रूकडून घेतलेलं शस्त्र मुळात सैनिकाच्या खासगी मालकीचं नसतं, ते सरकारचं, हेही लक्षात असू द्या. सेंटरने आढेवेढे न घेता ते ठेवून घेतलं तर तक्रारीला जागा नाही. मेडलं, पट्टा, डिस्चार्ज बुक, पत्रं यांना परवाना लागत नाही, ती घरीच राहतात.

आणि परवाना मिळालाच, तर शस्त्राची नोंद त्यावर लगेच चढवून घ्या. मुदत पाच वर्षांपर्यंतची असते, नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याआधी द्या. पत्ता बदलला तर कळवा. शस्त्र कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. आणि निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करण्याची नोटीस आली तर जमा करून पावती घ्या, निकालानंतर परत आणायला जा. ते आपोआप घरी येत नाही.