ल्युसिल बॉलवर तासाभराचा कार्यक्रम: बडोद्याच्या मंडळांसाठी आखणी

"जन्म 6 ऑगस्ट 1911, जेम्सटाउन, न्यूयॉर्क राज्य" या ओळीनं या अमेरिकी विनोदी अभिनेत्रीवरची संहिता सुरू केली असेल तर ती आधी खाली सरकवा. जन्मापासून मृत्यूपर्यंत क्रमानं सांगत गेलं, की विसाव्या मिनिटाला मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. कारण तिशीपर्यंतच्या ल्युसिलकडं सांगण्यासारखं यश फारसं नाही. नाट्यशाळेतल्या शिक्षकांनी हिच्यात काही दम नाही म्हणून परत पाठवलेली मुलगी 1933 साली हॉलिवूडला आली आणि पुढं आरकेओ, मग एमजीएम अशा कंपन्यांत दुय्यम सिनेमे करत राहिली. हा भाग पाच मिनिटांत उरका.

सुरुवात 1951 पासून करा. ती चाळिशीत आलेली आहे, जुलैत पहिली मुलगी झाली आहे, आणि सीबीएस ही प्रक्षेपण कंपनी तिच्या रेडिओवरच्या यशावरून टीव्ही मालिका काढू पाहतेय, तीच पुढं 'आय लव्ह लुसी' झाली. नवऱ्याच्या भूमिकेत मात्र तिला खरा नवराच हवा आहे: क्युबाहून आलेला, तिच्यापेक्षा साडेपाच वर्षांनी लहान, बँडवाला. त्याचं नाव उच्चारताना सांभाळा. 'देसी' म्हणालात तर गुजरातच्या दारूबंदीत वाढलेला प्रेक्षक पुढची दोन मिनिटं हसतच राहील. खरा उच्चार 'देझी आर्नाझ' असा आहे, तोच ठेवा.

कार्यक्रमाचा कणा म्हणून या दोघांचा एकच निर्णय निवडा. सिगारेटवाल्या प्रायोजकाला मालिका न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायला हवी होती, कारण बहुसंख्य प्रेक्षक पूर्वेकडं होते. लांबच्या गावांना टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेली धूसर प्रत मिळायची. ल्युसिल-देझीला हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी 35 मिलिमीटरच्या सिनेमाच्या फिल्मवर चित्रण करायचं ठरवलं, वाढीव खर्चापोटी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं, आणि बदल्यात फिल्मची मालकी मागितली. एकदा दाखवलेला भाग पुन्हा कोण बघणार, अशी तेव्हाची समजूत. म्हणून मालकी सहज मिळाली. 'आय लव्ह लुसी' आजही लख्ख दिसते ती याच फिल्ममुळं, आणि पुढं स्टुडिओ विकत घेण्याइतका पैसाही त्यातूनच आला. याला बारा मिनिटं द्या. घाई केलीत तर पुढचं काहीच नीट उभं राहणार नाही.

तीन कॅमेरे एकाच वेळी आणि समोर सुमारे 300 प्रेक्षक, हे समजावताना फळ्यावर आकृती काढा. मधला कॅमेरा पूर्ण दृश्य घेतो, बाजूचे दोन चेहरे टिपतात. प्रकाशाची अडचण छायालेखक कार्ल फ्रॉइंडनं सोडवली. दर शॉटला दिवे हलवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यानं बरेचसे दिवे वर टांगून सगळीकडं सारखा उजेड पाडला. इथं 'जगात पहिल्यांदाच' असं म्हणू नका. एकाहून जास्त फिल्म-कॅमेरे वापरण्याचा प्रयोग आधीही झाला होता. या मालिकेनं त्याची घडी बसवली, एवढंच म्हणा.

मूळ मालिकेचे तुकडे परवानगीशिवाय सभागृहात दाखवू नका. शिवाय इंग्रजी संवादांवर आजी-आजोबांची अर्धी रांग हसणार नाही. त्याऐवजी 15 सप्टेंबर 1952 ला दाखवला गेलेला चॉकलेट कारखान्याचा प्रसंग मराठीत करून दाखवा. त्यातला विनोद हातापायांचा आहे, भाषांतरात मरत नाही. दोन बायका सरकत्या पट्ट्यावरची चॉकलेटं कागदात गुंडाळतायत. एकही न गुंडाळलेलं पुढं गेलं तर नोकरी जाणार. पट्टा वेग घेतो, मग तोंडात, टोपीत, पोलक्यात कोंबाकोंबी. मुकादमीण येते, पट्टा साफ बघून खूश होते आणि वेग आणखी वाढवायला सांगते.

पट्ट्यासाठी जुनं सुती नऊवारी लुगडं घ्या. उभी घडी घालून दीड फूट रुंद करा आणि कडक खळ द्या. रेशमी नको, त्यावरून सगळं घरंगळतं. खळ नसेल तर कापड चुणतं. दोन बाकं जोडून त्यावरून लुगडं ओढायचं, एक मुलगा विंगेत ओढणारा, दुसरा अलीकडं मांडणारा. वर्तमानपत्राचे 40 बोळे करून तपकिरी कागदात गुंडाळा आणि वीतभर अंतरानं मांडा. पहिले तीन मीटर तीस सेकंदांत, उरलेले पाच मीटर पंधरा-अठरा सेकंदांत. ओढणाऱ्यानं प्रेक्षकांकडं न बघता मनात आकडे मोजावेत, नाहीतर हशा पिकला की तो हात थांबवतो आणि प्रसंग बसतो. खरे पेढे वापरायचा मोह होईल. टाळा. तूप कापडाला लागतं, बोटं निसरडी होतात, आणि हसताना तोंडात कोंबलेला पेढा घशात अडकू शकतो. तोंडात कोंबल्याचा नुसता अभिनय करा, बोळे टोपीत आणि पदरात जाऊ द्या. किमान तीन तालमी हव्यातच, त्यातली एक पूर्ण वेशात.

या हशानंतर 19 जानेवारी 1953 सांगा. ल्युसिल खरोखर गरोदर होती, म्हणून मालिकेतली लुसीही गरोदर दाखवली. पण 'गरोदर' हा इंग्रजी शब्द संवादात येऊ द्यायचा नव्हता, आणि संहिता धर्मगुरूंच्या नजरेखालून जात होत्या. इथं तुम्हाला काहीच समजवावं लागणार नाही. आपल्याकडंही 'दिवस गेलेत' म्हणूनच भागवतात. बाळंतपणाचा भाग ज्या दिवशी दाखवला गेला त्याच दिवशी तिला खरा मुलगा झाला. अंदाजे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो भाग पाहिला. दुसऱ्या दिवशीच्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या शपथविधीपेक्षा हा आकडा मोठा.

कम्युनिस्ट प्रकरण दोन मिनिटांत. आजोबांच्या हट्टाखातर तिनं 1936 ला मतदार नोंदणी करताना आपला पक्ष म्हणून कम्युनिस्ट पक्ष लिहिला होता, ते 1953 ला उकरलं गेलं. तिच्यात लाल काही असेल तर ते केस, आणि तेही रंगवलेले, अशा अर्थाचं देझी बोलला होता. 'लाल'चा श्लेष मराठीतही तसाच चालतो. मालिका कृष्णधवल होती, हे मात्र आधी सांगून ठेवा.

शेवटचा टप्पा स्टुडिओचा. दोघांच्या डेसिलू कंपनीनं 1957 ला आरकेओचे स्टुडिओ विकत घेतले. जिथं ती करारावर राबली होती, तीच जागा. नवऱ्याचा हिस्सा 1962 ला घेऊन ती स्वतः प्रमुख झाली, 1966 ला तिच्याच कंपनीतून 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल' आल्या, आणि 1967 ला तिनं कंपनी सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरना विकली. 'स्टुडिओ चालवणारी पहिली बाई' असं सरसकट म्हटलंत, तर मूकपटांच्या काळातली अभिनेत्री-निर्माती मेरी पिकफर्डचं नाव कुणीतरी काढेल. 'मोठा टीव्ही स्टुडिओ' म्हणा.

तारखा तपासताना एक खड्डा ठाऊक असू द्या. सुरुवातीला ती स्वतःच आपला जन्म मोंटाना राज्यातल्या ब्यूटचा सांगायची, त्यामुळं जुन्या मजकुरात ते सापडतं. छापील पत्रिकेत जेम्सटाउनच घाला.

कार्यक्रम नवरात्राच्या नऊ रात्रींत ठेवू नका. गरब्याशी बडोद्यात कुणाचीच स्पर्धा होत नाही. कोजागरीनंतरचा रविवार, संध्याकाळी पाच, हे बरं. स्थानिक धागा हवाच असेल तर दोन वाक्यं पुरेत: सयाजीरावांनी 1910 साली ग्रंथालयं उभी करायला बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल इथं आणला, आणि पुढच्याच वर्षी ही मुलगी तिकडं जन्मली. त्याहून जास्त ताणलंत तर ओढूनताणून वाटतं.

प्रश्नोत्तरांत "मग काडीमोड का झाला?" हे विचारलं जाणारच. 1960 ला घटस्फोट, 1961 ला तिचं गॅरी मॉर्टनशी लग्न, देझीशी बोलणं मात्र शेवटपर्यंत टिकलं. एवढं सांगा आणि चहाची घोषणा करा.