परसात हादगा लावायचाय? मृगाच्या ओलीवर बी टोका

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत वीतभर ओल गेली की हादगा लावायची वेळ झाली. कुठे याला हेटा म्हणतात, कुठे अगस्ता. सांगली भागातल्या पानमळ्यांत नागवेलीला आधार म्हणून शेवरीबरोबर हाही लावतात. घरच्यासाठी मात्र दोन झाडं पुष्कळ झाली.

बी रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी फुगलेलं तेवढंच घ्या आणि जागेवरच, बोटाच्या एका पेराइतकं खोल, एका खड्ड्यात दोन-तीन बिया टोका. रोप पिशवीत वाढवलंत तर महिन्याभरातच हलवा, सोटमूळ वेटोळं झालं की झाड पुढे रेटत नाही. खड्ड्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत पुरे. युरिया घालू नका, हे झाड हवेतलं नत्र स्वतःच मुळांवरच्या गाठींत साठवतं. खात्री करायची तर विरळणीत उपटलेल्या रोपाची एक गाठ नखाने फोडून बघा. आतून गुलाबी दिसली म्हणजे काम चालू आहे.

जागा निवडताना घाई करू नका, कारण हादगा जितका झपाट्याने वाढतो तितकाच ठिसूळ असतो. मी पहिला हादगा गोठ्याच्या पत्र्याला लागून लावला होता. दुसऱ्या वर्षी परतीच्या पावसात वारं सुटलं आणि मांडीएवढी फांदी पत्र्यावर आली. गाय थोडक्यात वाचली. तेव्हापासून भिंत, पत्रा, विजेची तार यांपासून दहा-बारा फूट तरी लांब लावा, असं मी सगळ्यांना सांगतो.

रोप कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. हे टाळलंत तर झाड सरळ वर जातं आणि फुलं काढायला शिडी लागते. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, फुलं हाताशी राहतात. पण दरवर्षी बुंध्यापासून छाटू नका. शेवग्याला ते मानवतं, हादगा त्यातून उठत नाही.

खोडावर गाठीसारखी सूज आणि भुसा दिसला तर आत अळी आहे. सुजेच्या खालून फांदी कापा आणि जाळून टाका. पाला शेळ्या आवडीने खातात. कोंबड्यांना मात्र तो घालू नका, त्यांना विषारी ठरतो.

पाऊस सरता सरता फुलं लागतात. बगळ्याच्या चोचीसारखी वाकलेली कळी उमलायच्या बेतात असताना सकाळी काढा. भाजीसाठी फूल उघडून आतला दांडा आणि तुरे ओढून टाका, कडवटपणा तिथेच असतो. पाकळ्या कांद्यावर परता, झाकण न ठेवता, वर थोडं डाळीचं पीठ भुरभुरा.

शेंगा वाळल्या की मूठभर बी डब्यात ठेवा. चार-पाच वर्षांनी झाडाचा जोम उतरायला लागतो, तेव्हा शेजारीच दुसरं टोकायला ते लागेल.